अकरा मतांचा घोडा

गावभाग, सांगली

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेअकराला तुझा निरोप आला. ‘बाई, मी संघ सोडतेय’, आणि पुढे चार उद्गारचिन्हं. सकाळी फोन करणार होते, पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला अडवतेस आणि आज मला अडवून घ्यायचं नाहीये. म्हणून कागद काढला.

तुझी तक्रार समजली. तुम्ही शे-दीडशे हौशी पोरं मिळून त्या चॅम्पियनशी बुद्धिबळ खेळताय, दोन दिवसांना एक चाल, जिला जास्त मतं पडतील ती. तू घोडा डी-५, म्हणजे डी पट्टीतल्या पाचव्या घरात, सुचवलास, त्याला अकरा मतं पडली. हत्ती मधल्या पट्टीत आणायच्या मिळमिळीत चालीला साठाच्या वर. तुझं म्हणणं, लोकांना कळत नाही.

असेलही. पण मी तुझ्या भावाकडून तुमच्या गटातलं सगळं लिखाण मागवून घेतलं आणि चष्मा लावून वाचलं. तू काय लिहिलं होतंस, आठवतंय? ‘घोडा डी-५, जबरदस्त!!’ बस्स. त्या हत्तीवाल्या मुलाने सहा ओळी लिहिल्यात. त्याने हे खेळलं तर आपण हे, ते खेळलं तर ते. त्यातली एक ओळ साफ चुकीची आहे. पण ती चुकीची आहे हे मला दिसलं, कारण त्याने ती लिहिली होती. तुझ्या चालीत खोट आहे की नाही हे कुणी कुठे बघायचं?

आमची एक गोष्ट तुला आजवर सांगितली नाही, कारण तिच्यात माझी शोभा होते.

१९८६ची गोष्ट. मी कॉलेजात होते. मी, माझा थोरला भाऊ आणि त्याचे दोन मित्र असे चौघं मिळून नागपूरच्या एका मातब्बर खेळाडूशी पोस्टाने डाव खेळत होतो. पंधरा पैशांचं कार्ड. चाल आकड्यांत लिहायची. पटाच्या उभ्या पट्ट्यांना ए ते एच न म्हणता एक ते आठ म्हणायचं, म्हणजे राजापुढचं प्यादं ई-२ वरून ई-४ वर टाकलं की झालं ५२५४. समोरचा रशियन असो की नागपूरकर, चार आकड्यांत काम भागतं. दहा चालींना तीस दिवस, हा टपाली बुद्धिबळाचा रुळलेला हिशोब. आम्ही संध्याकाळी आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून, कागदाच्या पुडीतलं भडंग खात वाद घालायचो. कधी दोघं इकडे, दोघं तिकडे, आणि मग भांडण मिटवायला अशी एखादी तिसरीच चाल निघायची जी चौघांपैकी एकालाही नको असायची. तशा तीन चाली आम्ही त्या डावात खेळलो. त्याने एकही खेळली नाही. तो एकटाच होता ना.

तरीही डाव बरा उभा होता. तीन संध्याकाळी भांडून आम्ही हत्ती डी-१ वरून डी-७ वर न्यायचं ठरवलं. ४१४७. कार्ड मी लिहिलं आणि त्यावर लिहिलं ४१४६. डी-६ च्या घरावर त्याचं प्यादं टपून बसलेलं. पण हत्ती तिथे जाऊ शकत होता, म्हणजे चाल नियमात बसत होती, आणि नियमात बसणारी पाठवलेली चाल मागे घेता येत नाही. आठ दिवसांनी त्याचं कार्ड आलं. हत्ती मारल्याचे चार आकडे, आणि खाली बारीक अक्षरांत ‘कळवळलो’. सभ्य माणूस.

पेटीत पडायच्या आधी ते कार्ड चौघांच्या हातांतून गेलं होतं. भावाने पत्ता वाचला. एकाने तारीख बघितली. तिसरा ‘तुम्ही बघितलंय ना?’ म्हणाला आणि पुढे चालू लागला. मी एकटी खेळत असते तर ते कार्ड तीनदा तपासलं असतं. चौघं होतो म्हणून कुणीच तपासलं नाही. भाऊ अजून दिवाळीला हा विषय काढतो.

ही काही फक्त सांगलीची खोड नाही. १९९९ साली तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह एकीकडे आणि सगळं जग दुसरीकडे असा एक डाव इंटरनेटवर झाला, मायक्रोसॉफ्टने भरवलेला. २१ जूनला सुरू झाला, २२ ऑक्टोबरला संपला, चाली ६२. ७५हून जास्त देशांतले ५०,०००च्या वर लोक काळ्या सोंगट्यांकडून मतं देत होते, चोवीस तासांना एक चाल. मदतीला चार तरुण सल्लागार. एलिझाबेथ पेट्झ चौदा वर्षांची, इरिना क्रश पंधरा, एतिएन बाक्रो सोळा, आणि त्यांच्यात थोरला फ्लोरिन फेलेकान. वयं मुद्दाम लिहिली. तू सतरा पुरी करत आलीस.

दहाव्या चालीला क्रशने वजीर ई-६ सुचवला. वजीर ई-६ वर आला की कास्पारोव्हची ई-४ आणि सी-४ ही दोन्ही प्यादी एकदम नजरेखाली येतात. त्याचा घोडा मात्र उड्या मारत जाऊन कोपऱ्यातला हत्ती खातो, आणि मग तो घोडाही तिकडेच अडकून मरतो. हिशोब काय? एक हत्ती दिला, घोडा आणि दोन प्यादी घेतली, आणि पट असा वाकडातिकडा झाला की जगातल्या सर्वांत बलाढ्य खेळाडूलाही तिथे पाठांतर कामाचं नाही. पट मांड आणि स्वतः खेळून बघ, मी सांगून मजा नाही.

माझ्या मते खरी गोष्ट त्या चालीच्या पुढची आहे. क्रश आणि तिच्याभोवती जमलेले खेळाडू प्रत्येक चालीच्या फांद्या काढून जगापुढे ठेवत होते. अनोळखी माणसं त्या फांद्या हलवून बघत होती, कुजकी असेल ती तोडत होती. मत देणारे पन्नास हजार होते. मला वाटतं, डाव या मूठभर तपासणाऱ्यांनी पेलला. पुढच्या चाळीसेक चाली जगाने क्रशचंच ऐकलं. आणि कास्पारोव्हने नंतर स्वतः सांगितलं की एवढे कष्ट त्याने दुसऱ्या कुठल्याच डावावर घेतले नव्हते.

मग घडी विस्कटली. वजिरांचं अंतिम पर्व आलं, दोन्हीकडे राजा, वजीर आणि थोडी प्यादी. दिसायला मोकळं, पण मोजायला भयंकर. ५१व्या चालीला क्रशचा सल्ला डावलून थोड्या फरकाने दुसरी चाल निवडली गेली, आणि मागाहून कुणीतरी ‘पेटीत जादा मतं मीच कोंबली’ असं सांगितलं. ५८व्या चालीला तर क्रशचं विश्लेषण वेळेत पोचलंच नाही. इतकी माणसं, आणि त्या रात्री ती एक चिठ्ठी उशिरा आली म्हणून वजीर भलत्या घरात गेला! पुढच्या चालीला संतापलेल्या मतांनी वजीर फुकट देणारी चाल वर आणली. ती आयोजकांनी बाद केली. ६२व्या चालीनंतर ५१ टक्क्यांनी डाव सोडायला मत दिलं.

हे वाचताना मला आमचं कार्ड आठवतं. ‘तुम्ही बघितलंय ना?’

तेव्हा तू संघ सोडायचा तर सोड, मी थांबवणारी कोण. पण राहिलीस तर एक काम अंगावर घे. आपली चाल पुढे रेटणारे तुमच्याकडे शंभर आहेत. दुसऱ्याची चाल तपासणारे मला सगळं लिखाण वाचून दोनच सापडले. तिसरी तू हो. मतदान उघडलं की पहिल्या दिवशी स्वतःचं काही लिहू नकोस. ज्या चालीला लोक भुललेत तीच घे आणि चॅम्पियनच्या खुर्चीत बसून तिला पाडायचा प्रयत्न कर. खरोखर बस, पट फिरवून. आपल्या बाजूने बघताना समोरच्याचे उंट नेहमी झोपलेले दिसतात. पाडता आली तर कशी पाडली ते लिही. नाही आली तर ‘मी अमुक चालीपर्यंत पाहिलं, टिकते’ एवढं लिही. ‘इथे मी थांबले, पुढचं पाहिलं नाही’ हे लिहायला लाजू नकोस. त्या एका वाक्यामुळे पुढचा माणूस कुठून सुरुवात करायची ते ओळखतो. तुमच्या गटात हे वाक्य मला एकदाही दिसलं नाही. सगळ्यांनी जणू शेवटपर्यंत पाहिलंय.

कंटाळवाणं काम आहे, नाव होत नाही. आपलं गाव नाटकवाल्यांचं. पडद्यामागे हातात वही धरून उभा राहणारा प्रॉम्प्टर कसा असतो हे तुला सांगायला नको. टाळ्या त्याला कुणी देत नाही. तो एक दिवस आला नाही तर काय होतं ते मी एकदा पहिल्या रांगेत बसून पाहिलंय.

वेळेचंही बघ. तू नेहमी मतदान संपायच्या तासभर आधी उगवतेस, कारण क्लास. तेव्हा लिहिलेलं कितीही चोख असो, वाचायला कुणी नसतं. पहिल्या रात्री अर्धवट लिहिलेलं त्याहून बरं.

आणि लिहाल ते चॅम्पियन वाचतोय असं धरून चाला. कास्पारोव्हने जगाची चर्चा वाचत असल्याचं नंतर मान्य केलं, आणि लोक खवळले. मला त्यात लबाडी वाटत नाही. मारुती चौकात उभं राहून बोललेलं कानावर पडलं तर ऐकणाऱ्याचा काय दोष? पण म्हणून मुका मार खात बसू नका. चाली उघड तपासा, लांबचा बेत तेवढा जपून मांडा. त्यांचा नियम काय आहे तेही नीट वाच. आंतरराष्ट्रीय टपाली स्पर्धांत आज संगणकाची मदत चालते, म्हणून वरच्या पातळीवर जवळजवळ सगळे डाव बरोबरीत सुटतात. तुमच्या नियमात संगणक नको म्हटलंय. मग नको. तुझ्या शेजारच्या बाकावरचा वापरतो हे मला सांगू नकोस.

हरायचंच असेल तर कशाला खेळायचं, असंही तू मागे म्हणाली होतीस. १८२४ साली एडिंबरा आणि लंडन या दोन शहरांच्या क्लबांनी टपालाने डाव मांडले, ते १८२८पर्यंत चालले. लंडन मोठं, जिंकलं एडिंबरा. आणि २०२५च्या एप्रिलमध्ये माजी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनपुढे १,४३,००० लोक बसले, मागच्या सोंगट्या उलटसुलट मांडलेल्या, म्हणजे सुरुवातीचं पाठांतर कुणाच्याच उपयोगाचं नाही. मे महिन्यात ३२व्या चालीला जगाने त्याच्या राजाला कोपऱ्यात गाठून शहावर शह देत तोच तो पट तिसऱ्यांदा आणला, आणि डाव बरोबरीत सुटला. कास्पारोव्हच्या वेळचं जग आणि हे जग, माणसं तशीच की. दीडशे जण म्हणजे कमी नाहीत.

आता तुझा घोडा. मी दुपारी पट मांडून बसले होते. घोडा डी-५, उंटाने तो मारला, आपण प्याद्याने उंट मारला. इथवर तू पाहिलं असशील. आता सी-६ वरचा त्याचा घोडा बी-४ वर आला आणि एफ-६ वरचा आहेच, म्हणजे डी-५ च्या आपल्या प्याद्यावर दोघं चालून आले. त्याला राखायला आपल्याकडे कोण? मला एक उत्तर दिसतंय, पण त्यात आपल्या राजापुढचा दरवाजा उघडतो, आणि तिथे मी थांबले. पुढचं पाहिलं नाही.

हा घोडा पुढच्या चालीलाही खेळता येईल, तोवर संधी जात नाही. मंगळवारी रात्री मतदान उघडतंय ना? त्याआधी ये. पट मांडलेलाच ठेवलाय, मांजराने एक प्यादं पाडलं होतं ते जागेवर ठेवलंय. एकदा तपासून घे.

तुझी,
बाई