रात्रीचे दोन आणि सहा कप चहा : विद्यार्थ्यांच्या आरोग्याची प्रश्नोत्तरे

या वेळी जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून विद्यार्थ्यांची पत्रे आली. बहुतेकांची तक्रार मनाची आहे. लक्ष लागत नाही, भीती वाटते, काहीच नको वाटते. पण पत्र पुढे वाचत गेलो की त्यातच चार तासांची झोप, न खाल्लेला डबा, अर्धवट सोडलेल्या गोळ्या सापडतात. म्हणून उत्तरे देताना शरीर एकीकडे आणि मन दुसरीकडे असे केलेले नाही. पहिले पत्र आधी घेतो, कारण त्याला उशीर चालणार नाही.

प्रश्न : आम्ही तिघे धुळ्यात खोली करून राहतो. तिसरा मित्र शिरपूर तालुक्यातल्या खेड्यातला. दोन महिने झाले, तो कॉलेजला येत नाही, डबा तसाच परत जातो, रात्रभर जागा असतो. परवा म्हणाला, “माले आते काहीच नको.” खोदून विचारले तर हसून विषय बदलतो. घरी सांगायचे नाही म्हणून त्याने शपथ घातली आहे. काय करू? (पदविका विद्यार्थी, धुळे)

उत्तर : शपथ मोड. मित्र नाराज झाला तर त्याची समजूत पुढे काढता येईल.

आपल्याकडे ‘नैराश्य’ हा शब्द कोणी बोलताना वापरत नाही. डोकं जड झालंय, जीव घाबरा होस, हातपाय गळाले, अशीच भाषा असते. त्यामुळे ‘काहीच नको’ हे वाक्य कंटाळ्याचे समजून सोडून देऊ नकोस. झोप, जेवण आणि माणसांत मिसळणे या तिन्ही गोष्टी एकदमच सुटल्या आहेत आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ सुटल्या आहेत, एवढे कारण डॉक्टरकडे नेण्यास पुरेसे आहे.

आज संध्याकाळी खोलीतल्या दुसऱ्या मित्राला बाहेर पाठव, याच्या शेजारी बस आणि सरळ विचार : “तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?” असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारले म्हणून माणूस बोलता होतो. तो ‘हो’ म्हणाला तर पुढचे दोन प्रश्न विचार : कसे करायचे ठरवले आहे का, आणि त्यासाठी काही जवळ आणून ठेवले आहे का. यातल्या एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नका. रात्र असली तरी सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा आणि तिथल्या डॉक्टरांना हेच शब्द जसेच्या तसे सांगा. ‘अशक्तपणा आहे’ असे सांगितलेत तर सलाईन लावून घरी पाठवतील.

टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. फोन त्यानेच करावा असे नाही, काय करायचे हे विचारायला तूही करू शकतोस. प्रसंग हाताबाहेर जातोय असे वाटले तर ११२.

वडिलांना फोन करताना तीन गोष्टी सांग. त्याला एसटीत एकटे बसवून देणार नाही, तुम्ही न्यायला या. तो घरी पोचायच्या आधी फवारणीची औषधे घरातून हलवा, कुलपात नव्हे तर शेजाऱ्याकडे ठेवा. आणि पहिल्या दिवशी त्याच्यावर रागावू नका. फवारणीची औषधे हलवण्याचा आग्रह एवढ्यासाठी, की जीव द्यावासा वाटण्याची तीव्र लाट बहुधा काही मिनिटांची किंवा काही तासांची असते. त्या वेळात साधन हाताशी नसले तर माणूस वाचतो. कापसाच्या पट्ट्यात पंपाशेजारी औषधाचा डबा ठेवायची सवय आहे. ती या घरी तरी आजच मोडायला हवी.

“आईबापाचा विचार कर” असे त्याला म्हणू नकोस. त्याच्या डोक्यात तोच विचार फिरत असतो, त्यात अपराधीपणाची भर पडते. “मी इथंच आहे, आपण दोघं जेवू, उद्या सकाळी डॉक्टरकडे मी सोबत येतो,” एवढे बोललास तरी पुरे. गोळ्या सुरू झाल्या तर मनाला उभारी यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आठवड्याभरात फरक नाही म्हणून मुले गोळ्या सोडतात, आणि बरे वाटले की पुन्हा सोडतात. दोन्ही वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. पोलिसांच्या भीतीने कोणी रुग्णालय टाळत असेल तर त्यांना सांग : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच धरले जाते आणि त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असतात.

प्रश्न : मी नीटसाठी दुसऱ्यांदा तयारी करतोय, वय १८. रात्री दोनपर्यंत वाचतो, सहाला उठतो. दिवसात सहा-सात कप चहा होतो. दुपारी क्लासमध्ये डुलक्या येतात आणि रात्री वाचलेले सकाळी आठवत नाही. माझी बुद्धी कमी होत चालली आहे का? (जळगाव)

उत्तर : बुद्धी जागेवर आहे, झोप निम्मी आहे. १४ ते १७ वयात आठ ते दहा तास झोप लागते, त्यानंतर सात ते नऊ. दिवसभर वाचलेले पक्के बसण्याचे काम मेंदू झोपेत करतो. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते, स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. तू दोनला झोपून सहाला उठतोस तेव्हा शेवटच्या तासांतल्या या झोपेचा बराच वाटा कापला जातो. मग दोनदा वाचलेले तिसऱ्यांदा वाचावे लागते.

चहातले कॅफिन निम्मे उतरायला सुमारे पाच तास लागतात. अकराला घेतलेल्या कपातले निम्मे कॅफिन पहाटे चारलाही अंगात असते. शेवटचा चहा दुपारी चारला घे. एकदम सोडलास तर डोके दुखेल, म्हणून दर दोन दिवसांनी एक कप कमी कर.

झोपायची वेळ ठरवण्यापासून सुरुवात केली की बहुतेकांचे बिनसते, कारण झोप हुकमाने येत नाही. उठणे मात्र आपल्या हातात असते. उठायची वेळ सहाच ठेव, रविवारीसुद्धा. उठल्यावर वीस मिनिटे गच्चीवर किंवा रस्त्यावर उजेडात चाल, मेंदूचे घड्याळ त्या उजेडावर लागते. झोपायची वेळ दर तीन दिवसांनी वीस मिनिटे मागे आण. रात्री दोनवरून साडेदहावर यायला साधारण महिना लागेल, म्हणून परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हे करून उपयोग नाही. दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी चालेल. तासभर झोपलास तर उठल्यावर डोके जड आणि रात्रीची झोप लांब. मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लाव आणि गजर त्यातच ठेव, म्हणजे बंद करायला उठावे लागेल. गादीवर बसून वाचू नकोस. पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठून मंद दिव्यात बस, पेंग आली की पुन्हा आडवा हो.

जळगावच्या उन्हाळ्यात खोली हा वेगळाच प्रश्न आहे. शरीर आतून थोडे थंड झाल्याशिवाय झोप लागत नाही, आणि पत्र्याची किंवा वरच्या मजल्याची खोली मध्यरात्रीपर्यंत तापलेली असते. मुले कुलर लावतात आणि गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतात. तिथेच चुकते. कुलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. खोलीतली दमट हवा बाहेर गेली नाही तर अर्ध्या तासात घाम वाळेनासा होतो. कुलरच्या समोरची खिडकी चार बोटे उघडी हवी. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कुलर उत्तम चालतो, पाऊस सुरू झाला की पंखाच बरा. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासायची, नाहीतर डासांची अळी तिथेच होते. गच्चीवर झोपत असशील तर मच्छरदाणी लाव.

वाचलेले आठवते का, हे पुन्हा वाचून कळत नाही. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहून बघ. हे सगळे करूनही महिनाभर झोप येत नसेल तर डॉक्टरांना भेट. मेडिकलवरून झोपेची गोळी आणू नकोस.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करते. धावताना दम लागतो, चक्कर येते. हिमोग्लोबिन ९.२ आले. लोहाच्या गोळ्यांनी मळमळ झाली, शौचाला काळे झाले, म्हणून बंद केल्या. शाळेतल्या तपासणीत ‘सिकलसेल वाहक’ असे लिहिले होते. मी भरती सोडू का? (नवापूर, जि. नंदुरबार)

उत्तर : भरती सोडू नकोस, गोळ्या पुन्हा सुरू कर. मुलींचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय, आणि ९.२ म्हणजे मध्यम रक्तक्षय. प्राणवायू वाहून नेणारेच कमी, म्हणून दम लागतो. चिडचिड आणि वाचनात मन न लागणे हेही त्यातूनच येते. कितीतरी मुली याला स्वतःचा आळस समजतात.

काळी शौच लोहामुळे होते, त्याने अपाय नाही. मळमळ होते म्हणून गोळी जेवणानंतर घे, रात्री घेतलीस तरी चालेल. चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेव. लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास लोह जास्त शोषले जाते. चार आठवड्यांनी पुन्हा तपास, हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वाढलेले दिसायला हवे. वाढले नाही तर जंत, पाळीतला जास्तीचा रक्तस्राव, नाहीतर चहाबरोबर घेतलेली गोळी, यांतले काहीतरी असते. पाळीत मोठे पॅड दर एक-दोन तासांनी बदलावे लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांग. १२ झाले की लगेच थांबायचे नाही. शरीरातला साठा भरायला आणखी तीन महिने गोळ्या लागतात.

गूळ-शेंगदाणे खाऊन भरून निघेल असे घरचे म्हणतील. गुळातले लोह फारच थोडे असते, आणि ९ वरून १२ वर नुसत्या आहाराने लवकर जाता येत नाही. आहार साठा टिकवायला लागतो. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी इथे फार कामाची : ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असते ते उडीद भरून काढतो. सोबत शेवग्याच्या पाल्याची किंवा मेथीची भाजी आणि वरून लिंबू. चहा जेवणानंतर तासाभराने.

आता सिकलसेलचे. हा रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे. वाहक म्हणजे आजारी नव्हे. एका पालकाकडून सिकलचा आणि दुसऱ्याकडून निरोगी जनुक आले आहे. नुसत्या वाहकपणाने हिमोग्लोबिन ९ वर येत नाही, तेव्हा कारण दुसरे शोधायचे. लोह कमी असलेल्या वाहकाने लोह घ्यावे. सिकलसेलच्या रुग्णाने मात्र साठा तपासल्याशिवाय घेऊ नये. म्हणून तुझा शाळेतला अहवाल झटपट चाचणीचा असेल तर सरकारी रुग्णालयातून पक्की तपासणी करून घे आणि कागद जपून ठेव. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. नंदुरबारसारख्या आदिवासी भागात तिचा लाभ घेता येतो.

धावताना एवढे सांभाळ. वाहकाने तापलेल्या उन्हात, पाणी न पिता, एकदम पूर्ण जोर लावून धावले तर क्वचित स्नायूंना गंभीर इजा होऊन माणूस कोसळतो. अंतर आठवड्यागणिक वाढव, सराव पहाटे कर, आधी आणि मध्ये पाणी पी. पायात अचानक अशक्तपणा किंवा गोळे आले की थांब, मुलांनी कितीही ओरडून पळायला लावले तरी. हिमोग्लोबिन ११ च्या वर जाईपर्यंत नुसते भराभर चालणे. लग्नाच्या वेळी समोरच्याची तपासणी माग : दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

प्रश्न : पेपर हातात आला की छाती धडधडते, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, मरतोय असे वाटते. ईसीजी चांगला आहे. मित्र सांगतात मोठा श्वास घे, पण त्याने वाढतेच. (चाळीसगाव)

उत्तर : वाढणारच. भीतीने तू आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेतोयस. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या, बधिरपणा, गरगरणे सुरू होते. मोठे श्वास घेतल्याने तो आणखी घटतो. तोंड मिटून नाकाने चार आकडे मोजत साधा श्वास घे आणि सहा मोजत हळू सोड. जोर सोडण्यावर. दोन्ही पाय जमिनीला टेकव, बाकाची कड घट्ट धर. हा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला जाऊन उतरतो. त्या वेळात उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक लिही, समास आख, सगळ्यात सोपा प्रश्न शोध. पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय नको.

ही युक्ती परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा वापरलीस तर चालणार नाही. रोज दोनदा पाच मिनिटे, तीन आठवडे सराव कर, आणि आठवड्यातून एकदा घड्याळ लावून जुना पेपर सोडवताना मुद्दाम वापरून बघ. भीतीपोटी पेपर बुडवू नकोस, एक बुडवला की पुढच्याची भीती दुप्पट होते. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासून घे. पुढचा झटका कधी येईल याचीच धास्ती महिनाभर राहिली तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ गाठ. यावर चांगले उपचार आहेत.

प्रश्न : मे महिन्यात परीक्षा, केंद्र लांब. आई खिशात कांदा देते. उपयोग होतो का? (भुसावळ)

उत्तर : खिशातल्या कांद्याने अपाय नाही, पण ऊनही लागायचे थांबत नाही. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा नुसता पंखासुद्धा गरम हवाच अंगावर फेकतो, ओला रुमाल मानेवर ठेवला तर उपयोग. पाणी आदल्या रात्रीपासून पी, लघवी फिकट पिवळी दिसली पाहिजे. मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे चांगलेच. ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात एकदम विरघळव. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात टाकले की क्षाराचे प्रमाण चुकते. घरी करायचे तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

कुणी उन्हात असंबद्ध बोलू लागले, अंग भट्टीसारखे तापले, तर पाणी पाजत बसू नका, ठसका लागेल. सावलीत घ्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ते चालू ठेवूनच १०८ ला फोन करा. आणि ओआरएसचे कालवलेले पाणी चोवीस तासांनी उरले तर ओतून द्या, दुसऱ्या पेपरला नवे करा.