बोटीचं इंजिन चालू होत नाहीये, चावी फिरवली की नुसतं एकदा टक् वाजतं. बॅटरी नवीन आहे, मग सेल्फच गेला असेल का?

दादा, तुम्ही लिहिलंय की होडी पावसाळाभर शाकारून ठेवली होती, आता ऑगस्टात ठाण्याच्या खाडीत उतरवली तर दोन सिलेंडरचं डिझेल इंजिन चालूच होईना, मीटरवर बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते आणि मेकॅनिक म्हणतो नवीन सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) टाका. थांबा जरा, पैसे घालायच्या आधी अर्धा तास मीटर घेऊन बसा. मी इकडे बेलापूरला दिवाळे गावच्या जेटीवर बोटींच्या वायरिंगची कामं करतो, पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की असल्या केसेस येतातच, आणि त्यात बऱ्याच वेळा सेल्फ ठणठणीत असतो.

पण आधी एक, चावीला हात लावायच्या आधी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून बघा, डीकॉम्प्रेशनचा (सिलेंडरमधला दाब सोडणारा) खटका असेल तर तो उचलून. नाही फिरलं तर जोर करू नका. एक्झॉस्टमधून सिलेंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं, आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तसं असेल तर ते मेकॅनिकचं काम, डिझेल फवारणारे नोझल काढून पाणी बाहेर काढावं लागेल.

फिरलं छान? मग आता ते 12.6. ते फक्त एवढंच सांगतं की बॅटरी चार्ज आहे. मीटर करंट ओढतच नाही, त्यामुळे केबलची एक तार जरी धडधाकट असली तरी मीटरला पूर्ण व्होल्ट दिसतात, पण सेल्फ एका झटक्यात शंभरच्या वर अँपिअर मागतो. समजा जोडात 0.02 ओहमचा अडथळा आहे, म्हणजे काहीच नाही म्हणा ना, पण 100 अँपिअरला तिथेच 2 व्होल्ट खाल्ले. म्हणून माप घ्यायचं ते कोणीतरी चावी धरून ठेवली असताना, नाहीतर सगळं बरोबरच दिसणार.

मीटर डीसी 20 वर ठेवा, गिअर न्यूट्रलला, आणि पहिलं माप थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर घ्या, केबलच्या क्लॅम्पवर नाही. चावी फिरवल्यावर 12.5 चे 12.5 च राहिले तर करंट जातच नाहीये, कुठेतरी वाट तुटलीय. 8 पर्यंत आपटले तर बॅटरी नावालाच नवीन आहे किंवा सेल्फ आतून जाम. 10 च्या आसपास राहून इंजिन फिरत असेल तर ते नॉर्मल.

मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर रंग खरवडलेल्या जागी, आणि परत चावी. इथे 0.2 – 0.3 च्या वर काही आलं तर अर्थिंग, म्हणजे बॅटरीपासून ब्लॉकला येणारी काळी केबल किंवा तिचे जोड, खराब. सगळे लाल वायरच्या मागे लागतात, काळीकडे कोणी बघत नाही, आणि माझ्या अनुभवात खाडीतल्या बोटींना जास्त त्रास तीच देते कारण ती खाली, पाणी साचतं तिथूनच नेलेली असते. अजून सोपं म्हणजे गाडीची जाडी जंपर केबल घ्या, निगेटिव्हवरून थेट ब्लॉकला लावा आणि सेल्फ मारा. फिरला की चोर सापडला.

मागे एका बोटीची काळी केबल बाहेरून एकदम नवी दिसत होती, टोकाचं थिंबल (बोल्टात बसणारं धातूचं कडं) चकचकीत, नट टाईट. थिंबलपासून दोन बोटं रबर सोललं तर आत तांब्याच्या तारा काळ्याकुट्ट, हिरवी पावडर झडायला लागली, आणि वाकवल्यावर निम्म्या तारा तुटून हातात आल्या. खारं पाणी थिंबलच्या तोंडातून आत शिरतं आणि तारांमधून वर चढत जातं. अशी केबल पॉलिश पेपर मारून सुधारत नाही, बदलायचीच. शक्यतो कथिलाचा मुलामा असलेली मरीन केबल घ्या, थिंबल क्रिम्प करून (दाबून बसवून) वर आतून डिंकवाली हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. महाग पडते, पण साधी केबल खाडीत फार टिकत नाही.

अर्थिंग चांगलं निघालं तर मग सेल्फवरच्या सोलेनॉइडचे (चावी फिरवल्यावर सेल्फला करंट जोडणारा स्विच, टक् वाजतो तोच) दोन जाडे बोल्ट. दोन पिना दोघांवर ठेवून चावी मारा. टक् वाजल्यावर मीटर जवळजवळ शून्यावर यायला पाहिजे. टक् वाजूनही 12 च दाखवत असेल तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत, फक्त सोलेनॉइड बदला. शून्यावर आलं, केबलीही बरोबर, तरी सेल्फ गप्प, तर कार्बन ब्रश बघा, तेही सुटे मिळतात. (एकदा टक् ऐवजी कटकटकटकट असं वाजत असेल तर ते वेगळं, तिथे बॅटरी किंवा क्लॅम्प. आणि अजिबातच आवाज नसेल तर फ्यूज, कट-ऑफ स्विच, चावीमागचा प्लग, आउटबोर्ड असेल तर न्यूट्रल स्विच.)

सोलेनॉइडच्या त्या बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून सेल्फ मारायची सवय असते लोकांना. पेट्रोल बोटीवर चुकूनही नको, डिझेलवरही चार्जिंग नुकतंच काढलेलं असेल तर बॅटरीचा गॅस असतो. केबल काढताना काळी आधी काढा, लावताना काळी शेवटी.

आणि दुरुस्ती होईपर्यंत सेल्फ सारखा मारत बसू नका. दहा सेकंदाच्या आत सोडायचा, मग त्याला थंड होऊ द्यायचं. तुमचा एक्झॉस्ट पाण्याने थंड होणारा असेल तर इंजिन पेटेपर्यंत समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा, नाहीतर पंप पाणी ओढत राहतो, बाहेर ढकलायला धूर नसतो, आणि तेच पाणी उलटं सिलेंडरमध्ये येतं. चालू झालं की लगेच कॉक उघडा, पंपातला रबरी पंखा (इंपेलर) कोरडा फिरला तर फाटतो.

चालू झाल्यावर रेस थोडी वाढवून बॅटरीवर परत मीटर लावा, 13.8 ते 14.4 दिसायला पाहिजे. 12.5 च्या आसपासच अडकलं तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करतो तो) बेल्ट आणि त्याच्या मागची वायर त्याच दिवशी बघून घ्या, दुसऱ्या दिवसावर ढकललं तर ओहोटीला चिखलात अडकून बसाल.