पाणी वाचवलं की जुनी मलवाहिनी का तुंबते?

मैला तेवढाच राहतो, तो वाहून नेणारं पाणी घटतं. गाळ बसू नये म्हणून दिवसातून एकदा तरी प्रवाहाला सेकंदाला साधारण 0.6 मीटर वेग लागतो. आंघोळीचं पाणी इमारतीतच पुन्हा वापरलं, की मोठ्या व्यासाच्या, कमी उताराच्या पाइपात तो वेग मिळत नाही. ही अडचण आधी वाहिनीच्या वरच्या टोकाला, म्हणजे ती जिथून सुरू होते तिथे येते. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, पाइपाच्या ओल्या छतावर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि काँक्रीट पोखरतं. तळ ठणठणीत, छत भुसभुशीत! त्यामुळे कॅमेरा तपासणीत वरची बाजू नीट बघा. नळ सोडून देणं हा काही उपाय नव्हे. वरच्या टोकांना ठरावीक काळाने जेटिंग (जोरदार दाबाच्या पाण्याने सफाई) करा; वेग वाढावा म्हणून पाइपात आतून अस्तर टाकून व्यास कमी करायचा असेल, तर आधी पावसाळ्यातला प्रवाह मोजा.