कथक करणाऱ्या मुलीला संभाजीनगरात राहून नाटक-मालिकांची निर्माती होता येईल का?

हो, ताई. आशा पारेख यांनीही नृत्यनाटिका करता करता पुढे दूरचित्रवाणी मालिकांची निर्मिती केली. मात्र सुरुवात नाटकानेच करा. मालिकेला वाहिनीची मंजुरी लागते, नाटकाची तारीख तुमच्या हातात असते.

आधी लेखकाची लेखी परवानगी घ्या. मग संहिता मुंबईच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाची संहिता तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी मंडळाकडे पाठवा. तिकीट लावून प्रयोग करायचा तर ते प्रमाणपत्र हवंच, आणि ऐनवेळी धावपळ होते ती इथेच. रेकॉर्ड केलेलं गाणं वापरणार असाल तर त्याचे हक्कही लेखी घ्या, तोंडी होकार कामाचा नाही.

संत एकनाथ किंवा तुकाराम नाट्यगृहाची तारीख घेण्याआधी रंगमंचावर अनवाणी एक फेरी मारा. वर आलेला खिळा, सुटलेली फळी पायालाच आधी कळते. घुंगरांसाठी पुढच्या कडेला माइक ठेवाल तेव्हा खाली फोम घाला, नाहीतर घुंगरांपेक्षा फळ्यांची धडधडच जास्त ऐकू येते.

सगळ्यात मोठी चूक क्यू-शीटमध्ये, म्हणजे प्रकाश कधी बदलायचा त्या यादीत होते. 'समेवर ब्लॅकआउट' असं लिहून चालत नाही, प्रकाशवाल्याला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ओळखता येईलच असं नाही. तिहाईचा, म्हणजे समेवर येण्यासाठी तीनदा म्हटल्या जाणाऱ्या बोलाचा, पहिला पल्ला सुरू झाला की 'तयार', तिसऱ्याच्या शेवटच्या 'धा'ला 'गो', असं लिहा आणि विंगेतून हेडसेटवर स्वतः बोला. तालाचा हा कान फार थोड्या निर्मात्यांकडे असतो. तुमच्याकडे तो आहे, तो वापराच.