खेळात जुळलेली ओळख खरी मानावी का?

तुम्ही विचारले आहे की, गेले आठ महिने ज्या मुलीबरोबर तुम्ही रोज रात्री बीजीएमआय (पब्जी मोबाइल या ऑनलाइन लढाईच्या खेळाची भारतीय आवृत्ती) खेळता आणि जिचा केवळ आवाज तुमच्या ओळखीचा आहे, तिच्याविषयी वाटणारी ओढ खरी मानावी, की घरचे म्हणतात तसे ते नुसते खूळ समजावे. माझी आणि माझ्या पतींची ओळख २०१९ मध्ये पब्जी मोबाइल खेळताना झाली, त्यामुळे या प्रश्नाकडे मी तटस्थपणे पाहू शकत नाही. तरीही जे अनुभवले, ते शक्य तितक्या काळजीपूर्वक सांगते.

आमचे चौघांचे स्क्वॉड, म्हणजे एका बाजूने खेळणारा संघ, होते. मी पुण्यात, एक जण नांदेडला, एक इंदूरला आणि पुढे ज्यांच्याशी माझे लग्न झाले ते कोल्हापूरला. पहिले काही आठवडे आम्हाला एकमेकांची खरी नावेही ठाऊक नव्हती. एरवी आपण माणसाचे गाव, शिक्षण, नोकरी आधी विचारतो आणि त्याचे वागणे मागाहून पाहतो. खेळात हा क्रम उलटा होतो. सोबती नॉक होऊन, म्हणजे जायबंदी होऊन, पडला आहे, मैदान आक्रसत आणणारा घातक झोन जवळ येतो आहे, आणि तरीही त्याला उठवायला कोण मागे फिरते. सापडलेले सर्वांत भक्कम, लेव्हल तीनचे हेल्मेट कोण दुसऱ्याला देते. हरल्यावर कोण स्वतःची चूक कबूल करते आणि कोण इतरांना शिव्या घालते, हे शे-दोनशे सामन्यांनंतर लपून राहत नाही. माईकवर बाईचा आवाज ऐकू आला की अनोळखी खेळाडू जे बोलत, ते येथे लिहिण्याजोगे नाही, आणि म्हणून कित्येक महिने मी माईक बंद ठेवूनच खेळत असे. या तिघांबरोबर खेळताना तो बंद ठेवावासा वाटला नाही.

अशी मैत्री किती खोल जाऊ शकते, हे नॉर्वेतील मॅट्स स्टीन याच्या हकिकतीवरून कळते. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजाराने तो २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी वारला. मुलगा मैत्री आणि प्रेम यांना मुकला, असेच त्याच्या आईवडिलांना वाटत होते. वडिलांनी निधनाची वार्ता त्याच्या ब्लॉगवर लिहिली आणि देशोदेशींहून ईमेल येऊ लागल्या. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळात तो आयबेलिन या नावाने वावरत असे, आणि त्याच्या स्टारलाइट या गिल्डमधील, म्हणजे खेळाडूंच्या गटातील, काही जण परदेशांतून त्याच्या अंत्यविधीला आले. मात्र याच मॅट्सने आपला आजार या मित्रांपासून बराच काळ लपवून ठेवला होता. त्यांचा जिव्हाळा खरा होता आणि त्यांना असलेली त्याची माहिती अपुरी होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

तुम्हीही हेच ध्यानात ठेवावे, असे मला वाटते. जोसेफ वॉल्थर या अमेरिकी संवाद-अभ्यासकाने १९९६ मध्येच असे मांडले होते की, पडद्याआडच्या संवादात समोरच्याविषयी कळणाऱ्या खुणा थोड्या असतात आणि उरलेल्या जागा आपण आपल्या मनातल्या चांगल्या कल्पनांनी भरून काढतो. त्या मुलीचा शांतपणा, तिचे हसणे, सामन्यातले तिचे प्रसंगावधान तुम्हाला माहीत आहे. पैसा, आईवडील, आजारपण, जातपात यांविषयी ती काय विचार करते, हे आठ महिन्यांत कदाचित एकदाही निघाले नसेल.

आमच्या ओळखीची परीक्षा आम्ही ठरवून घेतली नाही, ती परिस्थितीने घेतली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पब्जी मोबाइल होते, आणि ऑक्टोबरअखेर खेळ पूर्णपणे बंद झाला. रोज साडेदहाला भेटायची सवय लागलेली होती, म्हणून आम्ही त्याच वेळी फोनवर कॉन्फरन्स कॉल सुरू केला. पहिला आठवडा फार अवघडलेला गेला. खेळ नसताना काय बोलावे, तेच कळेना. इंदूरचा मित्र हळूहळू येईनासा झाला आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. त्याची सोबत खेळापुरती होती आणि तेवढी ती चांगलीच होती. उरलेल्या दोघांशी मात्र त्या तीन-चार महिन्यांत जेवढे बोलणे झाले, तेवढे वर्षभराच्या खेळात झाले नव्हते. नांदेडच्या मित्राला मी तोवर एकदाही पाहिले नव्हते, तरी एप्रिल २०२१ मध्ये माझ्या काकांना ऑक्सिजनचा बेड मिळावा म्हणून तो दोन रात्री फोन करत बसला होता. प्रेमाच्या गोष्टी सांगताना अशा मैत्रीचा उल्लेख मागे पडतो, हे मला खटकते.

म्हणून तिला आधी खेळाबाहेर बोलायला आवडेल का, एवढेच विचारा. ती हो म्हणाली तर पंधरा दिवस सामना न लावता बोलून पाहा, पुढे व्हिडिओ कॉल करा, आणि भेटायचे ठरलेच तर दिवसाउजेडी, गर्दीच्या ठिकाणी, तिला हवे त्या माणसाला सोबत आणण्याची मोकळीक देऊन भेटा. मी पहिल्या भेटीला मोठ्या बहिणीला घेऊन गेले होते. प्रत्यक्ष भेट होण्याआधी पैशांची देवघेव दोन्ही बाजूंनी टाळा.

आणखी एक गोष्ट, जी मुलांच्या सहसा लक्षात येत नाही. निर्धास्तपणे माईक सुरू ठेवता येईल असे स्क्वॉड मुलीला सहजासहजी मिळत नाही. तुम्ही मनातले सांगितले आणि तिची तशी इच्छा नसली, तर नकार देताना तिला ही जागाही गमावण्याची भीती वाटू शकते, आणि त्या भीतीपोटी ती गोलमोल उत्तर देईल. तेव्हा विचारताना हेही स्पष्ट सांगा की, उत्तर काहीही असले तरी उद्या रात्री स्क्वॉडमध्ये तिची जागा तशीच राहील. हे तुम्हाला मनापासून म्हणता येत नसेल, तर अजून काही दिवस विचारू नका.