चकलीच्या पाकिटावर तारीख कोण टाकणार?

साताऱ्याहून एका मुलीचं पत्र आलंय, बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईच्या चकल्या, डिंकाचे लाडू, मेतकूट दिवाळीत सगळ्या सोसायटीत गेलं, आता व्हॉट्सॲपवर पुण्याहून पण ऑर्डरी येतायत, तर कॉलेज सोडून आईसोबत पूर्णवेळ उतरू का असं विचारतेय. आणि बाबा म्हणतात, घरच्या खाण्याला कसलं आलंय लायसन!

अगं, आधी बाबांचं बघू. पैसे घेऊन विकलं की कायद्याने तो धंदाच, मग गॅस घरचा असला तरी. 2006 चा अन्न सुरक्षा कायदा घरून विकणाऱ्यांनाही लागू आहे, फक्त छोट्या धंद्याला मोठं लायसन नाही, रजिस्ट्रेशन पुरतं. 2011 च्या मूळ नियमांत छोटा म्हणजे वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल (उलाढाल हं, नफा नाही, इथेच बरेच जण चुकतात) आणि फी वर्षाला 100 रुपये होती, आत्ताचे आकडे पोर्टलवर बघून घे. फॉस्कॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर आईच्या नावाने फॉर्म ए भर, 14 आकडी नंबर येईल तो पाकिटावर छापायचा, सोबत घटक, वजन, बॅच नंबर, पत्ता, शाकाहारीचा हिरवा ठिपका. आणि डिंकाच्या लाडवावर कृपा करून ‘गुडघेदुखी बरी होते’ असं लिहू नका, आजार बरा करण्याचा दावा खाद्यपदार्थावर चालत नाही.

आता खरं अवघड काय ते सांगते. पाकिटावर कधीपर्यंत खायचं ती तारीख टाकावी लागते, ती आई कुठून आणणार? आईला हाताला कळतं, चकली मऊ पडली, खवट वास आला, पण पुण्याच्या गिऱ्हाइकाला तारीख लागते. प्रत्येक बॅचमधली तीन पाकिटं बाजूला ठेव, 7व्या, 15व्या, 30व्या दिवशी एकेक फोड, वास, चव, कुरकुरीतपणा वहीत लिही. चकली तेलामुळे खवट होते, नारळाची वडी ओलाव्यामुळे बुरशी धरते, हे तू वर्गात शिकतेयस ना? तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरायचं नाही, त्यातल्या टोटल पोलर कंपाउंडवर (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) 1 जुलै 2018 पासून 25 टक्क्यांची मर्यादा आहे, हेही आईला तूच समजावून सांगू शकतेस.

म्हणून डिग्री अजिबात सोडू नकोस. अन्न सुरक्षा अधिकारी पदाला ज्या डिग्र्या चालतात त्यात मायक्रोबायोलॉजी आहे, बीकॉम नाही. शिवाय फूड टेस्टिंग लॅब, कंपन्यांचं क्वालिटी डिपार्टमेंट, तिथेही ही डिग्री उपयोगी पडते. शनिवार-रविवार पॅकिंग कर, परीक्षेच्या महिन्यात ऑर्डरी कमी घ्या, आईशी आत्ताच बोलून ठेव. आणि बाबांना रजिस्ट्रेशनच्या कामाला लाव, फॉर्म भरताना शेजारी बसवून घे त्यांना.