पुष्पौषधी सुरू करताना

ताई, पुष्पौषधींच्या, म्हणजे फुलांच्या अर्काच्या थेंबांच्या, ३८ बाटल्यांचा पूर्ण संच लगेच घेऊ नका. डॉ. एडवर्ड बाख यांनी १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये ही पद्धत मांडली ती आजाराच्या नावावर नव्हे, माणसाच्या मनःस्थितीवर. म्हणून आधी काही दिवस रोज रात्री वहीत लिहा, आज नेमकं काय वाटलं. नुसतं 'भीती' लिहून भागत नाही. परीक्षेची, कुत्र्याची, साहेबांची, अशी नाव सांगता येणारी भीती असेल तर त्यातलं मिम्युलस हे औषध. कारण नसताना पोटात गोळा येत असेल तर अ‍ॅस्पेन. घरच्यांच्या काळजीने जीव टांगणीला लागत असेल तर रेड चेस्टनट. मला स्वतःला हे निरखणंच सगळ्यात मोलाचं वाटतं.

३० मिलीच्या बाटलीत पाणी घेऊन निवडलेल्या प्रत्येक औषधाचे दोन थेंब टाका. त्यातले चार थेंब दिवसातून चारदा घ्या. मूळ अर्क बहुधा ब्रँडीत असतो, चालत नसेल तर आधी विचारून घ्या.

एक स्पष्ट सांगते. चाचण्यांमध्ये या थेंबांचा परिणाम औषध नसलेल्या थेंबांपेक्षा जास्त दिसलेला नाही. त्यामुळे मानसोपचाराच्या चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. जगणंच नकोसं वाटू लागलं तर थेंबांवर थांबू नका, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर लगेच फोन करा.